आगाव

नागूबाईला पहिल्यांदा कुणी आगाव म्हटलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती, आणि तिनं फक्त खरं तेच सांगितलं होतं. शाळा तपासायला साहेब आले होते. त्यांनी वर्गाला विचारलं, पुस्तक कुठवर आलं? सगळी पोरं गुरुजींच्या तोंडाकडं बघत बसली. नागू उठली आणि म्हणाली, चौथ्या धड्यावरच हाव साहेब, गुरुजी दुपारून शेताकडं जातेत. साहेब हसले. गुरुजी हसले नाहीत. दिवस मावळायच्या आत ही बातमी घरी पोचली, आणि वडिलांनी भाकरी मोडता मोडता, फारसं न रागावता म्हटलं, लई आगाव पोरगी हाय ही.

तिला तेव्हा तो शब्द लागला नाही. रोज कानावर पडणाराच शब्द तो. मृगाच्या आधी कुणी उडीद पेरला तर लोक म्हणायचे, आगाव पेरलास की. बस यायच्या तासभर आधी फाट्यावर जाऊन बसणारा म्हातारा आगाव. मोठ्यांच्या बैठकीत मधेच घुसून बोलणारा पोरगाही आगाव. पण पोराला म्हणताना म्हणणाऱ्याच्या तोंडावर हसू असायचं, पुढं काहीतरी होणार हा, असं. पोरीला म्हणताना ते हसू नसायचं. न विचारता बोलणारी, मोठ्यांची भीड न धरणारी, उद्या सासरी जाऊन आईबापाचं नाव घालवणारी, एवढं सगळं त्या तीन अक्षरांत मावायचं. शेजारच्या कानडी घरातल्या बायका अशा पोरीला ‘सोक्कु’ म्हणत. पण सोक्कु म्हणजे माज. नागूला माज नव्हता. तिचं तोंड बाकीच्यांच्या आधी उघडायचं, एवढंच.

तिला बघायला आलेल्या पहिल्या पाहुण्यांना तिनं विचारलं होतं की तुमच्या गावात पाणी किती लांबून आणावं लागतं. ते पाहुणे पुन्हा आले नाहीत. दुसऱ्या वेळी आईनं तिला आधीच बजावून ठेवलं, आणि सतराव्या वर्षी ती मंठाळच्या रामकिशनच्या घरात आली.

रामकिशन वाईट माणूस नव्हता. कोरडवाहू शेती, दोन बैलं, म्हातारी आई. तो आईच्या शब्दाबाहेर कधी गेला नव्हता आणि बायकोनं जावं असं त्याला वाटत नव्हतं. पहिली पाच वर्षं बरी गेली. अंबिका झाली. नागूबाईचं तोंड अधूनमधून सुटायचं, सासू ओठ मुडपून बसायची, दोन दिवसांनी सगळं पूर्ववत व्हायचं.

मग एका श्रावणात चार वर्षांच्या अंबिकाला ताप भरला. रामकिशन बैल बघायला उमरग्याच्या बाजाराला गेला होता. सासूनं दोन दिवस अंगारा लावला आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली की रामकिशनला परत येऊ दे, मग शेजारच्या गावच्या भगताकडं नेऊ. त्या दुपारी पोरीचे डोळे वर गेले आणि हातपाय ताठ झाले. नागूबाईनं सासूला विचारलं नाही. ओसरीवर दोन-चार बाप्ये बसले होते, त्यांच्यासमोरून ती पोरीला खांद्यावर टाकून पळाली, फाट्यावर बस अडवली आणि बसवकल्याणच्या डॉक्टरपुढं जाऊन उभी राहिली. सासू मागून हाका मारत होती. डॉक्टरनं तीन दिवस ठेवून घेतलं. पोरगी वाचली.

चौथ्या दिवशी रामकिशन दवाखान्यात आला. पोरीच्या कपाळाला हात लावून बघितला. मग त्यानं दोघींना बसमध्ये बसवलं, आणि बस मंठाळला थांबली तेव्हा तो उठला नाही. तो त्यांना तिच्या माहेरी घेऊन गेला. आईचा चारचौघांत अपमान झाला होता. नागूबाईच्या भावाला तो उंबऱ्यातूनच म्हणाला, “तुमची बहीण लई आगाव हाय. जरा वळण लागू द्या.”

चार दिवसांसाठी म्हणून सोडलं होतं. ते चार दिवस तीन वर्षं चालले.

भावाच्या घरात त्या दोघींना कुणी उपाशी ठेवलं नाही. पण वहिनी चुलीजवळचं पातेलं सरकवायची त्या आवाजावरूनही कळायचं की आपण इथं नको आहोत. नागूबाई दिवसभर राबायची. तिनं बोलणं कमी केलं, मग आणखी कमी केलं. अंबिका पाच वर्षांची झाली, सहा वर्षांची झाली. एकदा शेंगा फोडत बसल्या असताना तिनं विचारलं, “माय, आपल्याला घरी कामून नेत न्हाईत?”

नागूबाईनं हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. म्हणाली, “मी आगाव हाय म्हणून.”

“मग मी?”

“तू न्हाईस.”

पोरीनं त्यावर बराच वेळ विचार केला. मग ती उठून वहिनीनं न सांगताच तिच्यासाठी पाण्याचा तांब्या भरून घेऊन गेली.

शेवटी मंठाळचे गुरुपादय्या मधे पडले. गावातले मानाचे स्वामी. लिंगायत घरांत आणि मराठा घरांत त्यांचा शब्द सारखाच चालायचा. ते स्वतः बसनं तिच्या माहेरी आले. कानडीत आणि मराठीत, दोन्हीकडच्यांना समजेल असं ते थोडं थोडं बोलले. नागूबाईनं सासूच्या पाया पडायचं आणि तोंड सांभाळायचं, असं ठरलं. ती पाया पडली. त्या दिवसापासून मंठाळच्या लोकांनी तिचा मोठा आवाज ऐकला नाही. सासू वारली, घरात तीच थोरली झाली, तरी नाही.

आणि जे स्वतःला जमलं ते लेकीला लहानपणापासूनच जमलं पाहिजे असं तिनं मनाशी धरलं. अंबिका मुळात अबोल नव्हती. तिला गाणी यायची, नकला यायच्या. पाहुणे आले की ती पुढं यायची, आणि नागूबाई दाराआडून डोळे वटारायची. विचारल्याशिवाय बोलायचं नाही. दुखलं-खुपलं तरी चारचौघांत तोंड वाकडं करायचं नाही. हसायचं तर पदराआड. मारलं कधीच नाही, पण ‘आगाव म्हणतील’ एवढं म्हटलं की पोरगी जागच्या जागी गप व्हायची. तो शब्द तिच्यावर फटक्यापेक्षा जास्त चालायचा, कारण त्या शब्दानं माणसाचं काय होतं हे तिनं मामाच्या घरी तीन वर्षं बघितलं होतं.

नववीत असताना शाळेनं तिला तालुक्याच्या भाषण स्पर्धेसाठी निवडलं. बाई घरी विचारायला आल्या. नागूबाईनं त्यांना चहा पाजला आणि नको म्हणून सांगितलं. बाई गेल्यावर अंबिकानं पाठ केलेला कागद घडी करून दप्तरात ठेवला. रुसली नाही. रामकिशन त्या संध्याकाळी म्हणाला की पोरगी लई गुणाची निघाली. नागूबाईला वाटलं, आपण एक तरी काम नीट केलं.

एकोणिसाव्या वर्षी भालकीजवळच्या एका गावात तिला दिलं. नवरा धनराज, कारखान्याला ऊस नेणाऱ्या ट्रॅक्टरवर असायचा; हसतमुख, राबणारा. सासू गयाबाई तोंडानं फटकळ, पण घर खाऊनपिऊन बरं. वर्षभरात पिंकी झाली. गयाबाई ज्याला त्याला सांगायची की अशी सून दिवा घेऊन शोधली तरी मिळायची न्हाई, चार वर्षांत वर तोंड करून एक शब्द बोलली न्हाई. हे नागूबाईच्या कानावर आलं की तिचा जीव भांड्यात पडायचा.

अंबिकाच्या धाकट्या नणंदेचं लग्न माघात निघालं. लग्न तीन दिवसांवर आलं असताना सकाळी नागूबाई शेतात हरभरा उपटत होती, तेव्हा अंबिकाचा फोन आला. आवाज बारीक होता. मागं भांड्यांचा आणि बायकांचा गलका ऐकू येत होता.

“माय, पोटात लई दुखायलंय.”

“कधीपासून?”

“काल सकाळपासून. उलटी बी झाली दोनदा. उजव्या अंगाला, खाली. सरळ उभं राहवना.”

नागूबाई बांधावर बसली. तिच्या डोळ्यांपुढं लग्नाचं घर आलं, पाहुण्यांनी भरलेलं, आणि त्यात अंथरूण धरून पडलेली सून. आलेल्या बायका काय म्हणतील ते तिला शब्दन् शब्द ऐकू आलं.

“अगं, लग्नाचं घर हाय,” ती म्हणाली. “आताच पडलीस तर आगाव म्हणतील. कामाच्या वक्ताला बरोबर दुखणं काढलं म्हणतील. ववा खा, गरम पाणी पी. दोन दिवस कळ काढ. लग्न झालं की मी येते अन् तुला घेऊन जाते दवाखान्याला.”



“बरं,” अंबिका म्हणाली आणि फोन ठेवला.

नागूबाई आणि रामकिशन लग्नाच्या दिवशी सकाळी पोचले. अंबिका चुलाणाजवळ बसून पुऱ्या लाटत होती. तोंड पांढरं पडलं होतं, ओठ सुकले होते, पण ती उठून आली आणि हसली. नागूबाईनं हळूच विचारलं. ती म्हणाली की रात्रीपासून कमी झालंय, एकदम कमी झालंय, आता नुसतं जड वाटायलंय. नागूबाईला हायसं वाटलं. बघ, म्हटलं नव्हतं का मी, असंसुद्धा ती म्हणाली. अक्षता पडल्या, जेवणावळी उठल्या. नागूबाई पोटभर जेवली, विहिणींच्या पंगतीत बसून एकीशी हसून बोलली. हे जेवण तिला नंतर आठवायचं तेव्हा ती चालता चालता थांबायची.

नवरीची गाडी वळली आणि अंबिका मांडवाच्या खांबाला धरून खाली बसली. अंग तव्यासारखं तापलं होतं, पोट फळीसारखं घट्ट. धनराजनं कुणाची तरी जीप आणली. भालकीच्या डॉक्टरनं हात लावला आणि थांबू नका, बीदरला न्या म्हणाला. बीदरच्या मोठ्या दवाखान्यात त्याच दिवशी पोट फाडलं.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा व्हरांड्यात सगळे उभे होते. त्यांनी धनराजला समजावून सांगितलं. आतड्याला असलेली अपेंडिक्सची पिशवी सुजली होती, ती आदल्या रात्रीच फुटली. फुटली की दुखणं काही वेळ कमी होतं, माणसाला वाटतं बरं झालं. पण विष पोटभर पसरलं होतं. आम्ही धुऊन काढलंय, ते म्हणाले, बघू. मग थोडे चिडून त्यांनी विचारलं की इतके दिवस कुणाला कळलं कसं नाही.

गयाबाई रडत म्हणाली, “सांगितलं असतं तर मीच गाडीत घालून आणलं असतं हो. लग्न काय, पुढं ढकललं असतं. मी काय राक्षसीण हाय?”

नागूबाईनं तिच्याकडं बघितलं आणि तिला कळलं की विहीण खोटं बोलत नाहीये. तिनं खरंच आणलं असतं. रागावली असती, दोन दिवस फणफणली असती, पण आणलं असतं. ज्या बाईच्या भीतीनं लेकीला गप बसवलं ती बाई त्या घरात नव्हतीच. ती मंठाळच्या घरात होती, आणि तिला मरून बारा वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवशी अंबिका शुद्धीवर आली. तपासायला आलेल्या डॉक्टरांनी तिलाही तेच विचारलं, का सांगितलं नाहीस? खाटेच्या एका बाजूला गयाबाई होती, दुसऱ्या बाजूला नागूबाई. अंबिकानं आधी आईकडं बघितलं. मग ती डॉक्टरांना म्हणाली, “मलाच कळलं न्हाई. मी कुणालाच सांगितलं न्हाई.”

नागूबाईच्या ओठावर आलं होतं की मला सांगितलं, तिनं मला फोन केला होता. पण तिनं वाकून लेकीची चादर सारखी केली. डॉक्टर पुढच्या खाटेकडं गेले.

त्यानंतर ताप उतरलाच नाही. अंबिका बरळायला लागली. त्या वॉर्डात सुधारानी नावाची एक नर्स होती, कानडी, पंचविशीची, हसऱ्या चेहऱ्याची. सलाईन बदलताना ती प्रत्येकीशी काहीतरी बोलायची. चौथ्या दिवशी दुपारी अंबिका डोळे मिटून पुन्हा पुन्हा एकच बोलत होती, मी आगाव न्हाई, मी आगाव न्हाई. सुधारानीनं सुई नीट केली आणि नागूबाईला विचारलं, “आगाव अंदरे एनु, अक्का?” आगाव म्हणजे काय?

नागूबाईला कानडी चांगलं येत होतं. उभा जन्म दोन्ही भाषांत गेला होता तिचा. तिनं सोक्कु म्हणून बघितलं, आणि स्वतःच मान हलवली, ते नाही. मग ती अडखळत कानडीत म्हणाली, कुणी विचारायच्या आधी बोलते ती. आधीच बोलते. दुखतंय म्हणून सांगत सुटते, मोठ्यांचं काय चाललंय, वेळ कुठली आहे, काही बघत नाही, अशी.

सुधारानीला ते नीट उमगलं नाही. ती सरळपणानं म्हणाली की इथं येणाऱ्या प्रत्येकीला आम्ही तेच तर सांगतो, अक्का, दुखायला लागल्याबरोबर सांगा, आमच्या विचारण्याची वाट बघू नका. तुमच्यात त्याला वाईट शब्द आहे?

 सुधारानी दुसऱ्या खाटेकडं गेली. नागूबाई लेकीच्या कानाजवळ वाकली आणि म्हणाली, “हाईस. आगाव हाईस तू, माझी माय. बोल. काय दुखायलंय ते बोल.” अंबिकानं डोळे उघडले नाहीत.

सहाव्या दिवशी सकाळी ती थोडी सावध झाली. पिंकी कुठाय, विचारलं. घरी आहे, आत्याजवळ आहे म्हटल्यावर मान हलवली. मग आईचा हात चाचपून धरला आणि म्हणाली, “माय, मी फोनचं कुणाला बोलले न्हाई. तू बी बोलू नको.”

“कामून?”

“तुला बोल लावतील.”

हे तिचं शेवटचं बोलणं. अकराच्या सुमाराला डॉक्टरांनी नातेवाइकांना बाहेर काढलं, आणि अर्ध्या तासानं धनराजला आत बोलावलं. ती तेवीस वर्षांची होती.

तेराव्याला भालकीकडच्या त्या गावात मांडव पुन्हा भरला, काही पताका अजून लग्नाच्याच होत्या. बायका एका बाजूला, बाप्ये एका बाजूला. जो तो अंबिकाचे गुण सांगत होता. धनराजचे चुलते उठले, गावातले जाणते गृहस्थ. ते म्हणाले की अशी सून लाखात एक, मरणाच्या दारात होती तरी तोंडातून हूं की चूं केलं नाही, आमच्या घरच्या कार्याला बोट लागू दिलं नाही. बायकांनी डोळ्याला पदर लावले. दोघी-तिघींनी आपापल्या पोरींकडं बघून म्हटलं, शिका जरा.

नागूबाई उठून उभी राहिली. एकोणीस वर्षांत ती अशी माणसांत उभी राहिली नव्हती. रामकिशननं बाप्यांच्या बाजूनं तिला खाली बसायची खूण केली.

“ती गुणाची म्हणून गप बसली न्हवती,” ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. “ती भेलेली होती. मी भेवडवलं तिला. तिनं मला फोन केलता. दुखायलंय म्हणली, उभं राहवना म्हणली. मी म्हणलं, बोलू नको, सासरचे आगाव म्हणतील. मी गप बसवलं माझ्या लेकराला. तिला चांगलं म्हणू नका त्याच्यासाठी. अन् पोरींना शिकवू नका हे.”

मांडवातल्या बायका एकमेकींकडं वळल्या. मग कुजबूज सुरू झाली, आणि कुजबुजीत तिच्या बोलण्यातलं ‘मी’ मागं पडून भलतंच पुढं आलं: सासरच्यांना भिऊन पोरगी मेली. चुलते लाल झाले. ते म्हणाले की हा आमच्या दारात येऊन आमच्यावरच आळ आहे. नागूबाई सांगत राहिली की तुमच्यावर नाही, माझ्यावर, पण आता ऐकायला कुणी थांबलं नव्हतं. गयाबाई छाती बडवून विचारत होती की मी कधी तिला अधिक-उणं बोलले का, सांगा कुणीतरी. धनराज मान खाली घालून बसला होता. तो उठला आणि सासऱ्याजवळ जाऊन हळू आवाजात म्हणाला, “मामा, तुमी त्यांना घेऊन जावा. अन् पुन्हा हिकडं नका येऊ.”

पिंकी आत झोपली होती. तिला बघूही दिलं नाही.

परतीच्या बसमध्ये रामकिशन खिडकीकडं तोंड करून बसला. नागूबाईला वाटलं, आता हा मंठाळला उतरेल आणि आपल्याला उतरू देणार नाही. पण तो उतरला आणि तिची पिशवी त्यानं स्वतः घेतली. पुढं आठ-दहा दिवस तो कामापुरतं बोलत होता. मग एका सकाळी चहा पिता पिता, कपाकडं बघत म्हणाला, “लहानपणी अंबीला ताप आलता, तवा तू केलतीस ते बरोबर होतं. मला तवाच ठावं होतं.”

नागूबाई भाकरी थापत होती. तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. हे त्यानं त्या वर्षी म्हटलं असतं तर, असं तिच्या मनात आलं, आणि तिथंच थांबलं, कारण पुढं विचार नेला तर तो कुठं जाऊन पोचेल हे तिला माहीत होतं. तिनं त्याच्या ताटात भाकरी वाढली. तो खाऊ शकला नाही.

तिला सगळ्यांत जास्त पिंकीची ताटातूट लागली. फोन केला तर धनराज उचलायचा नाही. गुरुपादय्या आता थकले होते, तरी त्यांनी एकदा निरोप पाठवून बघितला. उत्तर आलं की धनराजचं दुसरं बघायला लागलेत, आधीच त्या बाईच्या बोलण्यानं दोन ठिकाणं मोडली, आता मधे पडू नका. पावसाळ्यात त्याचं लग्न झाल्याचं नागूबाईला भालकीच्या बाजारात एका ओळखीच्या बाईकडून कळलं. पोरगी अंगणवाडीत जाते, हेही त्याच बाईनं सांगितलं.

पुढच्या शनिवारी नागूबाई पहिल्या बसनं निघाली. अंगणवाडी गावाच्या कडेला, सोसायटीच्या गोदामाजवळ होती. तिथल्या बाई निलम्मा. नागूबाईनं त्यांना काहीही न लपवता सगळं सांगितलं, फोनचंसुद्धा. निलम्मांनी ऐकून घेतलं. घरच्यांना कळलं तर माझ्यावर येईल, म्हणाल्या. मग म्हणाल्या, बसा त्या भिंतीला, पोरांना खिचडी वाढू लागा.

पिंकीनं तिला ओळखलं नाही. चार वर्षांच्या पोरीच्या हिशेबात आठ महिने खूप होतात. नागूबाईनं तिच्या ताटलीत खिचडी वाढली आणि आपण कोण ते सांगितलं नाही. हनुवटी अंबिकाची होती. खाताना डावा पाय हलवायची खोड कुणाची होती ते तिला आठवेना. सगळी पोरं घरी गेल्यावर ती गोदामामागं जाऊन बसली आणि बस चुकेपर्यंत तिथंच बसून राहिली.

मग दर शनिवारी ती जायला लागली. रामकिशन तिला फाट्यापर्यंत सोडायचा, काही विचारायचा नाही. दोन महिन्यांत पिंकी तिला ‘खिचडीवाली आज्जी’ म्हणायला लागली, मांडीवर येऊन बसायला लागली. एका शनिवारी नागूबाईनं मान वर केली तर दारात एक बारीक अंगाची, हिरव्या बांगड्यांची पोरगी उभी होती. धनराजची नवी बायको. पिंकीचा विसरलेला डबा द्यायला आली होती. तिनं मांडीवरच्या पिंकीला बघितलं, नागूबाईच्या तोंडाकडं बघितलं. घरात अंबिकाचा फोटो होता. तोंडवळा कळायला वेळ लागला नाही. नागूबाई घाबरून उठायला लागली.

“बसा, बसा,” ती म्हणाली. मग दाराला धरून जरा घुटमळली. “रातच्याला ही झोपंना, रडतीया. हिची माय हिला काय म्हणून झोपवायची, तुमाला ठावं हाय का?”

नागूबाईला ठाऊक होतं. अंबिकाला ती स्वतः जी अंगाई म्हणायची तीच अंबिका पिंकीला म्हणत असणार. तिनं ती म्हणायला सुरुवात केली, पण पहिल्या शब्दापुढं जाता येईना. नवी सून दारातून आत आली, चप्पल काढून तिच्या शेजारी जमिनीवर बसली आणि वाट बघत राहिली. पोरं बाहेर अंगणात गोंधळ घालत होती. निलम्मांनी उठून दार लोटून घेतलं. दुसऱ्या खेपेला नागूबाईला दोन ओळी म्हणता आल्या, तिसरीला ती अडली, आणि पिंकी तिच्या मांडीवरून वर बघत म्हणाली, “पुढचं म्हण की.”